आखडलेलं कोपर : अर्धं काम ऑपरेशनचं, अर्धं व्यायामाचं

बचत गटाच्या बैठकीत आमची एक ताई डाव्या हाताने सही करायला लागली, तेव्हा आम्ही विचारलं. विहिरीवर पाय घसरून तिचं उजवं कोपर मोडलं होतं. प्लास्टर निघालं, पण कोपर आखडलं. ना घास तोंडाशी जाई, ना वेणी घालता येई. घरच्यांनी तेल लावून रगडलं, तर ते आणखीच ताठलं. तिच्यासोबत आम्ही रुग्णालयात गेलो. तिथे कळलं ते आज सांगतो.

कोपर हा लवकर आखडणारा सांधा आहे. मार लागला, सांध्यात पू झाला किंवा सांध्याचा क्षयरोग झाला, की सांध्याभोवतीचं पातळ आवरण जाड आणि घट्ट होतं. कधी नको तिथे हाड धरतं. जोरात रगडल्याने ते वाढू शकतं, म्हणून मालीश नको.

हात सरळ म्हणजे ० अंश धरला, तर ३० ते १३० अंशांपर्यंत हलणाऱ्या कोपराने घरातली बहुतेक कामं होतात. त्यासाठी आधी काही महिने व्यायाम आणि पट्टा. तरीही अडलं, तर ऑपरेशन. चिरा देऊन किंवा दुर्बिणीतून घट्ट आवरण सोडवतात, अडणारं हाड काढतात. करंगळीकडे जाणारी नस कोपरापासूनच जाते. करंगळीला मुंग्या येत असतील तर डॉक्टरांना आधीच सांगा. जंतुसंसर्ग असेल तर आधी तो औषधांनी आटोक्यात आणावा लागतो. सांधा पार खराब झाला असेल तर काहींना कृत्रिम सांधा बसवतात, पण त्या हाताने पुढे जड वजन उचलायचं नसतं. हंडा-घमेली उचलणाऱ्या बाईने हे आधीच विचारून घ्यावं.

खरी कसोटी पुढेच असते. ऑपरेशननंतर एक-दोन दिवसांतच व्यायाम सुरू होतो आणि काही महिने चालतो. दुखतं, पण सोडला तर कोपर पुन्हा आखडतं. आमच्या ताईला व्यायामाला वेळच मिळेना. मग गटातल्या आम्ही पाळीपाळीने तिचं पाणी भरलं, सासूबाईंनी चूल सांभाळली. आज तिचा हात पूर्ण सरळ होत नाही, पण वेणी ती स्वतः घालते.

खर्चाची काळजी असेल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत हे ऑपरेशन बसतं का, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्रांना विचारा. आणि शेजारी कुणाचं कोपर आखडलं असेल, तर तिला तेलाची बाटली देऊ नका. हाडांच्या डॉक्टरांकडे घेऊन जा.