पावसाळ्यात होडीच्या बॅटरीची निगा

गोव्यात दरवर्षी १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते. या काळात पेडणे तालुक्यातील मच्छीमार बांधवांच्या होड्या किनाऱ्यावर विसावतात. त्यांतील बॅटरी मात्र आपोआप झिजत राहते.

शिसे-आम्ल बॅटरीचा भार वापराविनाही दरमहा सुमारे ५ टक्के उतरतो. उतरलेल्या स्थितीत ती पडून राहिल्यास पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचा कठीण थर बसतो व बॅटरी कायमची निकामी होऊ शकते.

यास्तव प्रथम ऋण व नंतर धन तार सोडवून बॅटरी घरी न्यावी आणि कोरड्या, हवेशीर जागी महिन्यातून एकदा भारून घ्यावी. भारताना ज्वालाग्राही हायड्रोजन निघतो. जवळ विस्तव नसावा. बॅटरी होडीतच ठेवणे भाग असल्यास १० ते २० वॅटचा सौरपट्ट नियंत्रकासह जोडावा. नियंत्रकामुळे रात्री उलटा प्रवाह वाहत नाही. सौरपट्ट आच्छादनाच्या बाहेर असावा. ढगाळ दिवसांत त्याची वीज घटते. म्हणून पंधरवड्याला जोडणी काही तास सोडवून दाब मोजावा. १२ व्होल्टच्या बॅटरीत तो १२.६ असल्यास भार पूर्ण समजावा, १२.४ खाली गेल्यास ती त्वरित भारावी.

एवढी दक्षता घेतल्यास ऑगस्टमध्ये भर समुद्रात दिवे व बिनतारी यंत्र दगा देणार नाहीत.