गुळगुळीत आसावरील डोंगर

दादरहून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसकडे लोकलने जाताना वाटेत परळ लागते. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने १८७९ साली येथे आपला कारखाना उभारला. रेल्वेच्या कारखान्यांतील एक काम वरवर अगदी साधे वाटते. ते म्हणजे चाकांचा पोलादी आस लेथवर कातून गुळगुळीत करणे. हा गुळगुळीतपणा शोभेसाठी नसतो.

धावत्या गाडीचा आस डब्याच्या भाराने किंचित वाकलेला असतो. त्यामुळे त्याची एक बाजू ताणली जाते, समोरची दाबली जाते आणि अर्ध्या फेऱ्यात हे उलटे होते. चाकाचा परीघ ३ मीटर धरला, तर दादरपासूनच्या सुमारे ९ किलोमीटरमध्ये असे ३,००० वेळा घडते! तार उलटसुलट वाकवून तोडतात ना? तसाच प्रकार. आसावर खोल ओरखडा असेल, तर ताण तेथे एकवटतो आणि तडा तेथूनच सुरू होतो. ८ मे १८४२ रोजी फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसला निघालेल्या गाडीच्या इंजिनाचा आस मोडला आणि पन्नासाहून अधिक माणसे दगावली.

गंमत अशी, की हे ओरखडे कातणारे हत्यारच उमटवते. आस फिरत असताना हत्यार त्याच्या लांबीच्या दिशेने सरकते. एका फेऱ्यात ते जितके सरकते, त्याला ‘फीड’ म्हणतात. हत्याराचे टोक गोलसर असल्यामुळे दोन चरांमध्ये एक कंगोरा शिल्लक राहतो.

हे घरी करून पाहा. २० सेंटिमीटर व्यासाची ताटली कागदावर ठेवून तिच्या खालच्या कडेचा कंस काढा. ताटली ४ सेंटिमीटर उजवीकडे सरकवून दुसरा कंस काढा. मधला कंगोरा सुमारे २ मिलिमीटर उंच भरेल. आता ८ सेंटिमीटर सरकवा. कंगोरा ४ नव्हे, ८ मिलिमीटरहून थोडा अधिक होईल! पायथागोरसच्या प्रमेयावरून याचे सूत्र निघते: उंची म्हणजे फीडचा वर्ग भागिले टोकाच्या त्रिज्येची आठपट. त्रिज्या ०.८ आणि फीड ०.४ मिलिमीटर असेल, तर उंची २५ मायक्रॉन येते. फीड ०.२ केले, की ती ६ मायक्रॉनच्या आसपास उतरते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.

मग फीड कमीच का ठेवू नये? निम्मे केले की वेळ दुप्पट लागतो. म्हणून आधी मोठ्या फीडने जादा धातू काढतात आणि शेवटचा हात बारीक फीडने फिरवतात. टोक फार गोल केले, तर हत्यार थरथरते आणि पृष्ठभागावर लाटा उठतात.

सूत्रात वेग नाही, पण प्रत्यक्षात तो फार महत्त्वाचा. वेग कमी पडला, तर मऊ पोलादाचे कण हत्याराच्या धारेला चिकटतात, साचतात आणि तुटून आसावरच खरवड उठवतात. कार्बाइडच्या हत्याराने मिनिटाला १०० मीटरहून अधिक वेग ठेवता येतो, तेव्हा हा त्रास बराच कमी होतो. कातताना सोडलेले दुधाळ तेलपाणीही येथे मदत करते.

काम झाल्यावर जुना टर्नर आधी यंत्र थांबवतो आणि मग आसावरून अंगठ्याचे नख फिरवतो. नख कोठे अडखळते, तेवढेच त्याला पाहायचे असते.