ग्रिलचा धंदा करायचाय? आधी भाजल्यावर किती उरतं ते मोजा



धुळ्याच्या बॅचमध्ये एका मुलाने विचारलं, "सर, युट्यूबवर पोर्क चॉप ग्रिल करतात ना, तसं ग्रिल सेंटर मुंबई-आग्रा महामार्गावर टाकलं तर चालेल का?" सगळे हसले. मी नाही हसलो, कारण प्रश्न चांगला होता. व्हिडिओत उत्तराला वेळ कमी पडला, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

पहिली गोष्ट गिऱ्हाइकाची. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत डुकराचं मांस नेहमीचं आहे. आपल्या धुळे-जळगावात हॉटेलच्या मेनूवर ते सहसा दिसत नाही. म्हणून मी त्याला सांगितलं, पदार्थ नंतर ठरव, आधी विस्तवाचा हिशोब शिक. तो हिशोब चॉपला, चिकनला आणि आपल्या वांग्याच्या भरताला एकच आहे. आणि आपल्या खान्देशचं खरं ग्रिल कुठलं म्हणाल, तर कपाशीच्या काड्यांवर भाजलेलं वांगं!

माझी चूक आधी सांगतो

बीबीए झालं, दुकान सुरू झालं, आणि एका हिवाळ्यात मी दुकानासमोर भरिताचं काउंटर लावलं. रोज 20 किलो वांगी. सगळा खर्च जोडला, 20 ने भागला, किलोला 122 रुपये पडले. 160 रुपये भाव लावला. किलोमागे 38 रुपये सुटतात म्हणून मी खूश.

महिना संपला तेव्हा गल्ल्यात पैसे वाढायच्या ऐवजी सहा हजार कमी! दुकानाच्या भाड्यातून भर घालावी लागली. वांगी 20 किलो येतात, आणि अर्ध्या किलोचे डबे मात्र 28 च भरतात. म्हणजे 14 किलो. उरलेलं सहा किलो जातं कुठे? मी भाजायला-ठेचायला येणाऱ्या मावशींवर संशय घेतला. एकदा तर त्यांना घरी जाताना पिशवी दाखवायला सांगितली.

मावशी काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी एक किलो वांगी माझ्यासमोर काट्यावर ठेवली, भाजली, सोलली आणि पुन्हा काट्यावर ठेवली. 620 ग्रॅम. "भाऊ, वांगं भाजलं की आटतं. आमच्या घरी लहान पोरीलाही माहीत आहे," एवढंच म्हणाल्या. मी त्यांची माफी मागितली. त्या अजून माझ्याकडे आहेत, पण तो दिवस आठवला की आजही मान खाली जाते. सहा हजार पुढच्या महिन्यात भरून निघाले. माणसाचा विश्वास इतक्या लवकर भरून निघत नाही.

वजन जातं कुठे?

वांग्यात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं. विस्तवावर त्यातलं काही वाफ होऊन उडतं, काही गळतं. जळालेली साल आणि देठ आपण फेकतो. मांसाचंही तेच. एक किलो पोर्क चॉप ग्रिलवरून उतरवले की साधारण पाऊण किलो भरतात, जास्त भाजले तर आणखी कमी. गिऱ्हाईक पैसे देतं ते उरलेल्याचे. उडालेल्या वाफेचे पैसे तुमच्या खिशातून जातात.

हिशोब असा मांडा

हे माझ्या काउंटरचे तेव्हाचे आकडे आहेत. तुम्ही तुमचे घाला.

- वांगी 20 किलो, 30 रुपयांनी: 600
- तेल, शेंगदाणे, मिरची, लसूण, कोथिंबीर, कांद्याची पात: 800
- काड्या: 100
- डबे: 140
- दोन माणसांची मजुरी: 800
- एकूण: 2440 रुपये

20 किलो वांग्यांचा गर निघाला 12.4 किलो. त्यात मसाला-शेंगदाणे मिळून 1.6 किलो. तयार भरीत 14 किलो. आता 2440 ला 14 ने भागा. किलोला 174 रुपये पडले! मी विकत होतो 160 ला. रोज 2240 गल्ल्यात, 2440 खर्च. रोज दोनशेचा तोटा, 30 दिवसांचे सहा हजार. भाव 220 केला तेव्हा रोज 640 रुपये सुटायला लागले. चार गिऱ्हाइकं कुरकुरली, बाकीची टिकली.

सूत्र लिहून ठेवा: एकूण खर्च भागिले तयार मालाचं वजन. कच्च्या मालाच्या वजनाने कधीही भागू नका.

विस्तव दोन प्रकारचा लागतो

आता भाजण्याकडे येऊ, कारण वजन आणि चव दोन्ही इथेच वाचतात किंवा जातात.

कपाशीच्या काड्या भुरकन पेटतात आणि मोठा जाळ देतात. त्या जाळावर वांग्याची साल काळी होते आणि धुराचा वास लागतो. जाळ बसला की खाली निखारे उरतात. त्या मंद आचेवर वांगं आतून, देठापर्यंत मऊ होतं. नुसत्या जाळावर ठेवलं तर वरून कोळसा आणि आत कच्चं. नुसत्या मंद आचेवर ठेवलं तर वेळ लागतो, पाणी जास्त उडतं आणि तो वासही लागत नाही. ठेवण्याआधी वांग्याला तेलाचा हात लावा आणि दोन-तीन ठिकाणी टोचा, नाहीतर फुटतं.

पोर्क चॉपवाले हेच करतात. कोळसे ग्रिलच्या एका बाजूला लोटतात. सुमारे अडीच सेंटिमीटर जाडीचा चॉप आधी कडक आचेवर दोन्ही बाजूंनी तांबूस करतात आणि मग मंद बाजूला सरकवून आतून शिजवतात. पातळ चॉप घेतला तर रंग येईपर्यंत तो आतून कोरडा होतो. म्हणून जाडी आधी ठरते, आच नंतर.

उतरवल्यावर लगेच हात लावू नका

भाजलेली वांगी झाकणाच्या पातेल्यात दहा मिनिटं ठेवा. वाफेने साल सुटते, सोलताना गर वाया जात नाही. तळाशी साचलेलं पाणी सगळं भरितात ओतू नका. भरीत पातळ होतं आणि लवकर आंबतं.

मांसालाही अशीच विश्रांती लागते. अमेरिकेच्या कृषी खात्याने 2011 मध्ये अख्ख्या पोर्क कटसाठी, म्हणजे चॉपसाठीही, आतलं तापमान 71 वरून 63 अंश सेल्सियसवर आणलं, पण उतरवल्यावर तीन मिनिटं थांबायची अट घातली. चिकनला मात्र 74 अंश लागतात, तिथे सूट नाही. मांसाचा धंदा करणार असाल तर सुईचा थर्मामीटर घ्या. रंग बघून अंदाज बांधू नका.

माल आणि नाव

भरिताची वांगी मोठी, फिकट हिरवी, पांढऱ्या रेषांची आणि कमी बियांची असतात. बामणोद, असोदा, भादली ही नावं आपल्याकडे त्यासाठीच घेतली जातात. 'जळगाव भरीत वांगी' या नावाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय मिळालं. त्यामुळे बाजारातल्या कुठल्याही वांग्याला ते नाव लावून विकू नका. शेतकऱ्याकडून खात्रीचा माल घ्या आणि पावती ठेवा. खाद्यपदार्थ विकायचा तर एफएसएसएआयची नोंदणीही लागते. ती फॉसकॉस पोर्टलवर ऑनलाइन होते.

काड्यांचं नियोजन

चातुर्मासात अनेक घरांत वांगं वर्ज्य असतं. चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवला की भरिताची मागणी उसळते. पण तेव्हा कपाशी बहुतेक शेतांत अजून उभी असते! काड्या मोकळ्या होतात त्या नंतर, वेचणी संपल्यावर. म्हणजे या वर्षीच्या काड्या पुढच्या मोसमासाठी आत्ताच घ्यायच्या आणि पावसाआधी पत्र्याखाली ठेवायच्या. घेताना त्यावर बोंडं राहिलेली नकोत, आणि गंजी शेताच्या बांधावर नको. उरलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी लपून राहते आणि शेतकऱ्याचं पुढचं पीक खाते. आपल्या धंद्यासाठी त्याचं नुकसान व्हायला नको.

तुमचा गृहपाठ

काउंटर लावायच्या आधी घरी एक किलो माल भाजा. पदार्थ कुठलाही असो. आणि हे चार आकडे वहीत लिहा:

1. कच्चं वजन
2. भाजून, सोलून किंवा हाडासकट उरलेलं वजन
3. मसाला घातल्यावरचं वजन
4. एकूण खर्च भागिले तिसरा आकडा

तीन वेगवेगळ्या दिवशी करा, तिन्हींची सरासरी घ्या. एका दिवसाच्या वांग्यावर भाव ठरवू नका.

धुळ्याच्या त्या मुलाने महामार्गाचं तूर्त थांबवलंय. एक डिजिटल काटा घेतलाय आणि घरच्या अंगणात चिकन भाजून मोजतोय. परवा फोन आला, "सर, किलोचं सातशेच राहिलं हो!" मी म्हटलं, छान, हे तुला घरच्या अंगणात कळलं. मला कळायला एक महिना, सहा हजार रुपये आणि मावशींसमोर खाली गेलेली मान लागली.

काटा आधी, बोर्ड नंतर. भेटूया पुढच्या व्हिडिओत.