कुरुख : आडनावात जपलेले रान

१९७१च्या युद्धात गंगासागरच्या लढाईत धारातीर्थी पडलेले परमवीरचक्राचे मानकरी लान्सनायक अल्बर्ट एक्का यांचे नाव सर्वपरिचित आहे. त्यांच्या आडनावाचा अर्थ मात्र फारच थोड्यांना ठाऊक असेल. कुरुख भाषेत 'एक्का' म्हणजे कासव. छोटा नागपूरच्या पठारावरील कुरुख, अर्थात उरांव समाजातील हे एक कुळ. बारा म्हणजे वड, खाखा म्हणजे कावळा, लकडा म्हणजे वाघ. कुळाला ज्याचे नाव, त्याला इजा करायची नाही आणि आपल्याच कुळात सोयरीक करायची नाही, हा दंडक. महाराष्ट्रातील देवकाच्या प्रथेशी त्याचे साम्य सहज लक्षात येते.

भोवताली मुंडारी आणि सादरी बोलल्या जात असताना कुरुख मात्र द्राविडी कुळातील आहे. कानडीतील 'नीनु' (तू) येथे 'नीन' होतो, तर 'कण्णु' (डोळा) 'खन्न' होतो. विदर्भातील गोंडीही याच कुळातली.

या समाजाचे पंचांग झाडांवर चालते. चैत्रात साल वृक्ष फुलला की 'खद्दी', म्हणजेच सरहुल, साजरा होतो. सरना या राखीव देवराईत पाहन, म्हणजे गावचा पुजारी, धरती आणि सूर्य यांचा विवाह लावतो. घड्यांतील पाण्याची पातळी पाहून पावसाचे भाकीत केले जाते. ही पूजा होईपर्यंत नवी फुले-फळे वापरायची नाहीत, असा संकेत आहे. भाद्रपदात करम वृक्षाच्या फांदीची पूजा होते. तिच्याभोवती रात्रभर नृत्य चालते.

ही गाणी आणि कथा पुढच्या पिढीला मिळत त्या 'धुमकुरिया'त. गडचिरोलीतील गोटुलसारखेच हे तरुणांचे सामूहिक घर. शेतीची कामे, नृत्य, गावाचे नियम आणि भाषाही मुले तेथेच शिकत. शाळा आल्या, लोक आसाम व उत्तर बंगालच्या चहामळ्यांकडे गेले, धर्मांतरे झाली आणि विसाव्या शतकात बहुतेक गावांतील धुमकुरिया ओस पडले.

२०११च्या जनगणनेनुसार कुरुख भाषकांची संख्या सुमारे २० लाख होती. तरीही युनेस्कोने तिची गणना धोक्यातील भाषांत केली आहे. कारण अनेक घरांत मुलांशी सादरी किंवा हिंदीतच बोलले जाते. या घसरणीला उत्तर म्हणून व्यवसायाने डॉक्टर असलेल्या नारायण उरांव यांनी 'तोलोंग सिकी' ही स्वतंत्र लिपी घडविली. ती १९९९ मध्ये लोकांसमोर आली आणि पुढे झारखंड सरकारने तिला मान्यता दिली. २०१८ मध्ये पश्चिम बंगालने कुरुखला राजभाषेचा दर्जा दिला. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत मात्र संथाळीला २००३ मध्ये मिळालेले स्थान कुरुखला अद्याप मिळालेले नाही.

लिपीमुळे भाषा पुस्तकात येईल. मात्र धुमकुरियात ती कोणी मुद्दाम शिकवत नव्हते. मुले ती रोज बोलत होती. ती जागा आज घराला घ्यावी लागेल. अन्यथा एक्का, खाखा, लकडा ही आडनावे उरतील. त्यांचा अर्थ सांगणारे मात्र उरणार नाहीत.