शिपाई, कवी आणि गादी: पहिल्या निजामाची गोष्ट

आपल्या शहरातून वेरूळकडे निघालं की वाटेत खुलताबाद लागतं. औरंगजेबाची कबर तिथं आहे, हे सर्वांना ठाऊक असतं. पण तिथंच, बुऱ्हानुद्दीन गरीब यांच्या दर्ग्यात, पहिल्या निजामाचीही कबर आहे. आज आपण त्याच्याविषयी बोलू. हा माणूस शिपाई होता, फारसीत कविता करायचा, आणि राजकारणात असा शिरला की शेवटपर्यंत बाहेर पडला नाही.

मूळ नाव मीर कमरुद्दीन, जन्म १६७१. आजोबा गोवळकोंड्याच्या वेढ्यात कामी आले, वडीलही औरंगजेबाचे सरदार. हाही दख्खनच्या मोहिमांतच वाढला. कवितेत मात्र तो दिल्लीच्या बेदिल यांचा शिष्य. बेदिल म्हणजे तत्त्वचिंतक कवी. शिष्याने टोपणनाव घेतलं ‘शाकिर’, म्हणजे जे मिळालं त्याबद्दल कृतज्ञ असलेला. ‘आसफ’ हे त्याचं दुसरं टोपणनाव.

आता पुढचं बघा. औरंगजेबाच्या मृत्यूनंतर दरबाराला विटून त्याने पदं सोडली, काही काळ दिल्लीत फकिरासारखा राहिला. पण परतला. १७२२ मध्ये बादशहाचा वजीर झाला. तिथंही मन रमेना, तेव्हा दख्खनेत आला आणि १७२४ मध्ये साखरखेर्ड्याची लढाई जिंकून स्वतःची सत्ता उभी केली. राजधानी आपलं हेच शहर. ‘शाकिर’ म्हणवणाऱ्याला जे होतं ते पुरलं नाही.

मग त्याने शाहू महाराज आणि कोल्हापूरचे संभाजीराजे यांच्यातल्या भांडणात हात घातला. बाजीराव पेशव्याने त्याला तोफखान्यापासून दूर ओढत नेलं आणि आपल्या वैजापूर तालुक्यातल्या पालखेडला पाण्यावाचून कोंडलं. ही गोष्ट फेब्रुवारी १७२८ ची. मार्चमध्ये मुंगी-शेवगावच्या तहात शाहूंचा चौथाई-सरदेशमुखीचा हक्क मान्य करावा लागला. दहा वर्षांनी भोपाळलाही नमतं घ्यावं लागलं.

१७४८ मध्ये बुऱ्हाणपुरात अखेर जवळ आली, तेव्हा त्याने वारसांसाठी वसियत सांगितली. त्यात मुख्य सल्ला असा: मराठे या मुलखाचे जमीनदार आहेत, त्यांच्याशी सलोखा ठेवा. शिवाय, माणसाचा जीव घेण्याची घाई करू नका.

आता प्रश्न असा, की हे बोललं कोण? कवी, की हरलेला शिपाई? कवीचं मन जागं झालं, असं म्हणायला छान वाटतं. आम्हाला ते पटत नाही. सलोख्याचा सल्ला पालखेडच्या तहानेतून आलाय. पण एखादं शहाणपण पराभवातून आलं म्हणून ते खोटं ठरतं का? तसं नाही. अडचण वेगळीच आहे. ज्याने ते भोगलं, त्यालाच ते कळतं. बारा वर्षांनी, १७६० मध्ये, उदगीरला त्याचेच मुलगे पुन्हा मराठ्यांपुढे उभे ठाकले आणि हरले. गादी वारसाने मिळाली, पालखेडचा अनुभव मिळाला नाही.

खुलताबादला गेलात, तर त्या कबरीपाशी थोडा वेळ थांबा, एवढंच सांगतो.