मोरोपंतांचे वेंचे : विकत घ्यावे कीं न घ्यावे ?

एखाद्या गवयाच्या लोकप्रिय पदांचा एकत्र संच निघाला कीं घरांत प्रश्न उभा राहतो : बाकीच्या ध्वनिमुद्रिका सोडून हा संच घेतला, तर खरा गवई ऐकावयास मिळेल काय ? कवींच्या निवडक वेंच्यांविषयींहि हाच प्रश्न आहे; आणि बारामती-इंदापूरच्या टापूंत तो मोरोपंतांसंबंधानें मनांत येणें स्वाभाविक आहे.

पंतांचा जन्म १७२९ सालीं पन्हाळगडावर झाला. पुढें बाबूजी नाईकांच्या आश्रयानें ते कऱ्हेच्या कांठीं बारामतीस राहिले व १७९४ सालीं तेथेंच निवर्तले. त्यांची रचना सुमारें पाऊण लक्ष मानितात. रोज शंभर आर्या वाचणारा मनुष्यहि दोन वर्षांत शेवटास पोंचावयाचा नाहीं. नोकरी, शाळा व प्रपंच सांभाळणाऱ्या कुटुंबास निवड हवीच. परशुरामपंततात्या गोडबोले यांनीं ही गरज ओळखून १८५४ सालीं ‘नवनीत’ प्रसिद्ध केलें. त्यांत पंतांसह इतरहि जुन्या कवींचे वेंचे असल्यामुळें अनेकांना प्राचीन काव्याची पहिली ओळख त्याच पुस्तकानें झाली.

परंतु निवडीनें हानि कोणती होते, हेंहि पाहिलें पाहिजे. पंतांनीं एकच रामकथा नाना प्रकारांनीं गाइली; त्यांचीं एकशें आठ रामायणें प्रसिद्ध आहेत. निरोष्ठ रामायणांत ओंठांनीं उच्चारावयाचे वर्ण वर्ज्य केले आहेत. म्हणजे ‘राम’ हें नांवहि न घेतां रामकथा सांगावयाची! त्यांतील चार आर्या निवडल्या तर कौतुक वाटेल, पण एवढें बंधन पाळून कथा अखंड कशी चालते, तें कळणार नाहीं. कर्णपर्वांतील शल्याचें एखादें बोलणें सुटें वाचलें, तर यमकाची गंमत दिसते. पण स्वतःचा सारथीच कर्णाचा तेजोभंग करण्यासाठीं तें बोलत आहे, हें ठाऊक नसल्यास त्यांतील विष जाणवत नाहीं.

कीर्तनकारहि एकच आर्या उचलतो. पण तिच्याभोंवतीं सारें आख्यान तो उभें करतो. वेंच्यांच्या संपादकानें हेंच काम टीपांनीं केलें पाहिजे. कारण मूळ काव्य आज कोणाच्याहि मालकीचें नाहीं. ग्राहक पैसे देतो ते संपादकाच्या श्रमांबद्दल.

म्हणून पुस्तक हातीं घेतांच तीन गोष्टी पाहाव्या. पहिली, प्रत्येक वेंचा कोणत्या ग्रंथांतील आहे व कोण कोणास बोलत आहे, हें सांगितलें आहे काय ? दुसरी, कठीण शब्दांचे व यमकांचे अर्थ दिले आहेत काय ? तिसरी, केकावली संपूर्ण आहे काय ? पृथ्वी वृत्तांतील तिचे सुमारें एकशें वीस श्लोक एका संध्याकाळीं वाचून होतात. मयूराच्या केकेप्रमाणें देवाला मारलेली ती एकच दीर्घ हांक आहे. तींत विनवणी आहे, युक्तिवाद आहे, लडिवाळ रुसवाहि आहे. तिचे तुकडे करण्याचें कांहींएक कारण नाहीं.

या तिन्ही गोष्टी असतील, तर पुस्तक अवश्य घ्यावें व मुलांकडून मोठ्यानें वाचवून घ्यावें. नुसते गुळगुळीत कागद व सुट्या आर्या असतील, तर पैसे राखून ठेवावे आणि वाचनालयांतून एकटें कर्णपर्व आणून तें पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचावें. त्यांत पंतांची ओळख अधिक चांगली होईल.