आधी घड्याळ बघा!

चहा पिता पिता बाबांच्या हातातून कप सुटला, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं... ‘थकलेत, झोपू दे’ असं कुणी म्हणालं तर अजिबात ऐकू नका. हा स्ट्रोक, म्हणजे पक्षाघात असू शकतो. यात दर मिनिटाला मेंदूच्या सुमारे १९ लाख पेशी मरतात.

गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात, तेही सीटी स्कॅन बघून. मेंदूत रक्तस्राव असेल तर तेच औषध घातक! त्यामुळे घरातली गोळी नको, पाणीही नको. त्रास सुरू झाल्याची वेळ लिहा, १०८ला फोन लावा.

आणि एक काम आजच करा. २४ तास सीटी स्कॅन आणि मेंदूविकारतज्ज्ञ असलेलं हॉस्पिटल शोधून त्याचा नंबर सेव्ह करा. ऐनवेळी शोधाशोध परवडणार नाही.